माझी ताई मिलिटरीत होती

दर आठवड्याला या वेळेला मी तुमच्याशी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलते, गटाच्या वहीबद्दल बोलते, फार तर शेळ्यांच्या विम्याबद्दल. आज वही मिटून ठेवली आहे. आपल्या रेडिओच्या ताई म्हणाल्या, या महिन्यात तुमच्या घरातल्या एखाद्या बाईबद्दल बोला. मी लगेच म्हणाले, आईबद्दल बोलते. मग घरी जाताना एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की आईचं नाव मी घाईनं घेतलं, कारण ताईचं नाव घ्यायचा मला धीर होत नव्हता. तिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा आज ताईबद्दलच. मध्ये आवाज बसला तर सांभाळून घ्या.

माझी ताई मिलिटरीत होती. हे वाक्य मी कुठल्याही गटाच्या बैठकीत म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हंजी बंदूक चालवायची?" नाही. ती लष्करी नर्स होती. मग बायका म्हणतात, "हां, मंजी दवाखान्यातच की." हा जो शेवटचा 'की' आहे ना, तो मला वीस वर्षं टोचत आलाय.

म्हणून आधी हे सांगते. लष्करात नर्सांची स्वतंत्र सेवा आहे, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. १८८८ मध्ये विलायतेहून दहा नर्सा बोटीनं मुंबईला उतरल्या, तिथून याची सुरुवात धरतात. १ ऑक्टोबर १९२६ ला ती सैन्याची कायमची सेवा झाली. डॉक्टर सोडले, तर सैन्याच्या बाकीच्या शाखांत बायका अधिकारी म्हणून यायला लागल्या त्या १९९२ नंतर. नर्सा त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. आणि ही नर्स म्हणजे अधिकारी असते. लेफ्टनंट होऊनच लागते, खांद्यावर दोन स्टार. मग कॅप्टन, मग मेजर, आणि पुढंही जाता येतं. माझी ताई गेली तेव्हा मेजर होती.

आता आमच्या घराबद्दल. आमचं माहेर माणदेशातलं. सातारा जिल्ह्यात मिलिटरीचं नवल कुणाला नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले. आमच्याही गावात दर दोन घरांआड एक पेन्शन आहे. आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. पाऊस नाही, पाणी नाही, मग पोरगा जरा उंच झाला की भरतीला पळायचा. पोरगा. पोरीचं कुणी बोलतच नव्हतं.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मला पहिली आठवते ती तिची पाठ. ती दोन कळश्या घेऊन पुढं आणि मी एक तांब्या घेऊन मागं, हापशापासून घरापर्यंत. माझ्या तांब्यातलं पाणी रोज हिंदकळून निम्मं व्हायचं. घराजवळ आलं की ती गुपचूप तिच्या कळशीतलं पाणी माझ्या तांब्यात ओतायची, म्हणजे आईला वाटावं, धाकटीनं पण भरून आणलं. लाड म्हणून तिनं केलेलं मला एवढंच आठवतं. एरवी ती फटके द्यायची.

बारावीला ती सायन्सला होती. जीवशास्त्राच्या मॅडमनी तिला वर्तमानपत्रातलं एक कात्रण दिलं. पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, तिथं मुलींसाठी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं, राहणं-खाणं-शिक्षण सरकारचं आणि पुढं सैन्यात नोकरी. ते कात्रण तिनं आठ दिवस दप्तरात ठेवलं. मग एका संध्याकाळी आबांच्या पुढ्यात ठेवलं. आबांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, "मी सतरा वर्षं काढलीत तिथं. पोरीची जागा न्हाई ती."

त्यात शेजारच्या एका पेन्शनर काकांनी भर घातली. म्हणाले, तिथं लग्न केलं की पोरीला काढून टाकतात, मग ना नोकरी ना नवरा. मैत्रिणींनो, हे काका खोटं बोलत नव्हते, हे मला फार पुढं कळलं. खरंच तसा नियम होता. लष्करी नर्सनं लग्न केलं, तर तिला सेवेतून काढता येत असे. १९९५ मध्ये तो नियम मागं घेतला, म्हणजे ताईच्या पाच वर्षं आधीच. पण गावात नियम पोचतो लवकर आणि रद्द झालेला पोचतच नाही. १९८८ मध्ये अशी काढून टाकलेली एक लेफ्टनंट कोर्टात भांडत राहिली. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लग्न केलं म्हणून बाईला नोकरीवरून काढणं हा अन्याय आहे, आणि तिला ६० लाख रुपये द्यायला लावले. ती बातमी मी दोनदा वाचली. ताई असती तर म्हणाली असती, "काकांना वाचून दाखव."

तर आबा नाही म्हणाले. आईनं काही वाद घातला नाही. तेव्हा आमच्या गावात बचत गट आला नव्हता. आईचा गट म्हणजे डाळीचा डबा. अंड्यांचे पैसे त्या डब्यात तळाला असायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी आईनं डबा पालथा केला आणि म्हणाली, "मामाकडं पुण्याला जाऊन ये." आबांनी सगळं ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं. आमच्या घरात परवानगी अशीच मिळायची.

ती परीक्षेत पास झाली, मुलाखतीत पास झाली, मेडिकलमध्ये पास झाली. २००० साली पुण्याला गेली. तिच्या वर्गात केरळच्या मुली पुष्कळ. सहा महिन्यांनी आली तेव्हा मल्याळी गाणी गुणगुणत होती आणि आमच्या भाकरीला नावं ठेवत होती. आई म्हणाली, "मिल्ट्रीनं बिघडवली." पण त्या पाच दिवसांत तिनं बारा भाकरी जास्त खाल्ल्या, त्या मी मोजल्यात.

२००४ मध्ये ती लेफ्टनंट झाली. पहिल्या रजेला आली तेव्हा आईच्या हट्टापायी तिनं गणवेश घालून दाखवला. आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. ती आतून बाहेर आली आणि आबा ताडकन उठून उभे राहिले. पाय जुळवलेले, हात मांडीला चिकटलेले. त्यांनाच कळलं नाही. सतरा वर्षं हवालदारकी केलेलं अंग, खांद्यावरचे स्टार बघून आपोआप उठलं. ताई गोंधळली. म्हणाली, "आबा, बसा हो." आबा बसले, तंबाखूची चंची शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती. त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर तिच्या लग्नाचा विषयही त्यांनी काढला नाही. तिनंही काढला नाही. तिनं लग्न केलं नाही, एवढंच मी सांगू शकते. का, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

गावाला मात्र तिच्या नोकरीचा एकच उपयोग कळला, तो म्हणजे कॅन्टीन. ती रजेवर आली की यादी तयार. कुणाला मिक्सर, कुणाला सूटकेस, आणि काही जणांना काय, ते रेडिओवर सांगायचं नाही.

ती कामाबद्दल फार बोलायची नाही. सुरुवातीला पुण्याला होती, मग श्रीनगरच्या लष्करी रुग्णालयात. श्रीनगरचं तिनं मला एकच सांगितलं. सुरुंगावर पाय पडून पाय गेलेला मुलगा शुद्धीवर आला की पहिल्यांदा म्हणतो, "सिस्टर, पायाला खाज येतीय." जो पाय नाही, त्याला. नव्या नर्सला वाटतं आता सांगावं, बाबा, पाय नाही तुझा. ताई म्हणायची, "आधी विचारायचं, कुठं खाजतंय. त्याला सांगू द्यायचं. ते त्याला कळतंच गं, त्याच्याच वेळेनं कळतं." सगळे जवान तिला सिस्टर म्हणायचे. मी तिला चिडवायची, की अख्खी पलटण तुझी भावंडं, मग भाऊबीजेला ओवाळणी किती जमली? ती म्हणायची, जमली, पण सगळी तिकडंच खर्च झाली.

पुढं ती खडकीला होती. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेले जवान तिथं असतात. तिथलं काम दिसायला काहीच नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, टाचा, कंबर, खांदे रोज बघायचे. लाल दिसलं की समजायचं, जखम वर यायला निघाली. माझ्या आजेसासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी फोनवर रडले, तर तिनं मला हेच सांगितलं. घड्याळ लाव, रात्री पण. दोन वर्षं त्या पडून होत्या, पाठीला एक जखम झाली नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, सून पुण्यवान. पुण्य कसलं, गजर होता.

पण मला सांगायचंय ते लेहचं.

२०१० साली ती लेहला होती, लडाखमध्ये. तिचं पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, आपल्या माणपेक्षा कोरडं गाव बघायचं असेल तर इथं ये. तिथं पाऊस जवळजवळ पडतच नाही. घरं मातीच्या विटांची, माळवदाची, आपल्या जुन्या घरांसारखी. आणि त्या वर्षी ५ ऑगस्टच्या रात्री तिथं ढगफुटी झाली. डोंगरावरून पाणी नाही, चिखल आला. दगड, झाडं, गाड्या, घरं, सगळं घेऊन आला. दोनशेहून जास्त माणसं गेली. लेहच्या सरकारी जिल्हा रुग्णालयातच चिखल शिरला, म्हणून जखमी लष्कराच्या रुग्णालयात आणायला लागले.

हे तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं, गच्चीवर झोपलो होतो तेव्हा. म्हणाली, चिखलात रंग कळत नाही. कोण मिलिटरीवाला, कोण रस्त्यावरचा बिहारी मजूर, कोण परदेशी पाहुणा, सगळे एकाच रंगाचे. जखम कुठं आहे ते शोधायला आधी धुवायला लागायचं. तोंड, नाक, डोळे आधी. कोमट पाण्याच्या बादल्या भरायच्या आणि माणसं धुवायची. रात्रभर ती तेच करत होती. सकाळी तिच्या लक्षात आलं, की आपण कुणाला इंजेक्शन दिलंय, कुणाला टाके घालायला मदत केलीय, हे काही आठवत नाही, फक्त धुतलेली तोंडं आठवतात.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक लडाखी बाई होती. पंचवीस-सव्वीसची असेल. हाताला मार, बाकी ठीक. तिचं तान्हं बाळ सापडलं नव्हतं. आणि तिला पान्हा फुटत होता. छाती दगडासारखी झालेली, ताप चढलेला. मैत्रिणींनो, ज्यांचं मूल गेलंय त्यांना हे दुखणं काय असतं ते मी सांगायला नको. ताईला तिची भाषा येत नव्हती, तिला हिंदी येत नव्हतं. शेजारच्या खोलीत एक बाळ होतं, चार-पाच महिन्यांचं, त्याची आई मिळाली नव्हती. वाटीचमच्यानं दूध पाजत होते, ते घेत नव्हतं.

ताईनं ते बाळ उचलून आणलं आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवलं. काही बोलली नाही. बाईनं बघितलं आणि तोंड फिरवलं. ताईनं बाळ परत उचललं. दोन तासांनी पुन्हा आणलं, बाईनं पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा बाळ रडत होतं. त्या रडण्यानं बाईच्या कपड्यावर दूध आलं. मग तिनं स्वतःच हात पुढं केले. ताई म्हणाली, "ती दूध पाजत होती आणि मोठ्यानं रडत होती. अख्खा वॉर्ड गप्प होता. मी तिच्या पाठीला हात लावून उभी होते, आणि मला कळत नव्हतं, मी बरं केलं की वाईट केलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, माझी ड्युटी संपली. दुसऱ्या दिवशी त्या बाळाचे आजोबा आले आणि घेऊन गेले."

मी विचारलं, "त्या बाईचं काय झालं?" ताई म्हणाली, "ते कळलं असतं तर मला झोप लागली असती की."

तेव्हापासून एक झालं. आपल्याकडं पहिला पाऊस म्हणजे काय असतं, तुम्हाला माहीत आहे. छावण्यांत जनावरं घेऊन राहिलेली माणसं आपण, पहिल्या सरीला आपण अंगणात जाऊन उभं राहतो. आईनं तर एकदा पिठाचे हात घेऊन पावसात फेर धरला होता. ताई रजेवर असली आणि मातीचा वास सुटला, की ती आत जायची. खिडकी लावायची. आई म्हणायची, "मिल्ट्रीत जाऊन हिला पाऊस बी आवडंना झाला." मला कारण माहीत होतं. मी आईला सांगितलं नाही. ही गोष्ट आई आज पहिल्यांदा रेडिओवर ऐकत असेल. आई, म्हणून ती खिडकी लावायची.

रजेत ती गप्प बसायची नाही. मारुतीच्या देवळात बायका गोळा करायची आणि शिकवायची. विळा लागला, तर हळद, तंबाखू, कॉफी काही भरायचं नाही. स्वच्छ फडकं घ्यायचं, जखमेवर घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, आणि मिनिटा-मिनिटाला उचलून बघायचं नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली साधं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता तडक सरकारी दवाखाना. बायका हसायच्या. कुणी म्हणायचं, मेजरीण आली, परेड सुरू.

२०१७ च्या दिवाळीनंतर माझ्याच एका गटातल्या बाईचा हात कडबाकुट्टीत गेला. दोन बोटं तुटली. घरातली माणसं नुसती ओरडत होती. आमच्या गटाची सचिव तिथं होती, ती त्या देवळातल्या वर्गाला येऊन गेलेली. तिनं हातावर फडकं दाबून धरलं ते साताऱ्यापर्यंत सोडलं नाही. तुटलेली बोटं ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घातली, आणि ती पिशवी बर्फात ठेवली. बोटं थेट बर्फात नाही ठेवायची, हे पण तिला आठवलं. बोटं काही जोडता आली नाहीत. पण बाई वाचली, तीन बोटांनी आज ती पापड लाटते आणि गटात सगळ्यात पातळ पापड तिचाच असतो. मी हे ताईला फोन करून सांगितलं, तर ती पलीकडून नुसती हसत होती, कितीतरी वेळ.

आता २०२१ चं सांगते. हे सांगायला मला जड जातं, म्हणून सरळ सांगते.

एप्रिलचा शेवट होता. माझ्या सासऱ्यांना करोना झाला. ऑक्सिजन ८९ वर आला. कुठं बेड नाही. मी ताईला फोन लावला. ती तेव्हा उत्तरेकडच्या एका लष्करी रुग्णालयात करोना वॉर्डात होती. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. तिनं सांगितलं, त्यांना पालथं झोपव. छातीखाली उशी, मांड्यांखाली उशी. नुकतंच जेवले असतील तर तासभर थांब. मग कुशीवर, मग बसतं, मग परत पालथं. बोटाला मशीन लावून लिहून ठेव. तोवर मी बघते. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती, तिला तिनं रात्रीच फोन केला, तिनं आणखी कुणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑक्सिजनचा बेड मिळाला. सासरे वाचले. आजही ओसरीवर बसून, चहाला उशीर का, म्हणून ओरडतात. मला त्यांचं वाचणं हवंच होतं. तरी कधीकधी तो आवाज ऐकून मी मागच्या दारानं शेतात निघून जाते.

त्या रात्रीचा फोन अकरा मिनिटांचा होता. मोबाइलमध्ये मी नंतर बघितलं. अकरा मिनिटांत मी सगळं विचारलं. ताई, तू कशी आहेस, हे विचारलं नाही. बोलताना ती दोनदा खोकली होती, हे मला आता आठवतं. तेव्हा ऐकूच आलं नाही.

पुढं ती तिथंच दाखल झाली. मे महिन्यात गेली. आम्हाला जाता आलं नाही. तिकडंच सगळं झालं. गावात तिरंगा आला नाही, बिगूल वाजलं नाही, गर्दी झाली नाही. त्या महिन्यात आमच्या गावात सोळा दिवसांत नऊ माणसं गेली होती, कोण कुणाच्या दारात जाणार? दिवाळीच्या सुमाराला तिची एक सहकारी मॅडम ट्रंक घेऊन आली. गणवेश, घड्याळ, दोन साड्या आणि एक फाइल. फाइलमध्ये सगळे कागद क्रमानं लावलेले. विमा, बँक, भविष्यनिर्वाह निधी, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी म्हणून आईचं आणि आबांचं नाव. एकही रकाना कोरा नाही. मी इतकी वर्षं गावोगाव बायकांना सांगत हिंडते, नॉमिनीचं नाव घाला. त्या रात्री मी माझं स्वतःचं पासबुक काढलं. रकाना कोरा होता.

आता शेवटचं, फलकाचं. २०२२ ला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला, आमच्या माहेरी वेशीजवळ भिंतीवर मोठा फलक रंगवला. गावातले आजी-माजी सैनिक, सगळ्यांची नावं, एकूण ७१. आबांचं नाव तिसऱ्या ओळीत. ताईचं नाही. मी मंडळाच्या मुलांना विचारलं. मुलं चांगली आहेत, उद्धट बोलली नाहीत. म्हणाली, "आत्या, ह्यो सैनिकांचा फलक हाय. ताईआत्या नर्स हुत्या ना." मी गप्प बसले. बसायला नको होतं. पण माहेरच्या गावात लेक पाहुणी असते. आणि खरं सांगू का? मनात एक बारीक आवाज मलाच म्हणत होता, की असेल बाबा, बंदूक तर नव्हतीच. वीस वर्षं लोकांचा 'की' ऐकून तो माझ्याही कानात बसला होता.

दोन वर्षं तशीच गेली. हा विषय उचलला आईच्या गटानं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, आणि तिथला ठराव ग्रामसभेपुढं मांडता येतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं, पाण्याच्या टाकीसाठी. यंदाच्या २६ जानेवारीला त्यांनी ते ताईसाठी वापरलं. ठराव लिहिला त्या तीन बोटांच्या बाईच्या मावसबहिणीनं. नाव, हुद्दा मेजर, सेवा सतरा वर्षं. आबांनी केली तेवढीच, सतरा. ग्रामसभेत कुणी नाही म्हणालं नाही. फक्त एक जण म्हणाला, "फलकावर आता जागा न्हाई."

आबा काठी टेकत उठले. त्यांना ऐकायला कमी येतं, ते ग्रामसभेत कधी बोलत नाहीत. म्हणाले, "जागा न्हाई तर माझं पुसा. तितं तिचं लिवा. न्हाईतरी ती माझ्या वरची."

पुसायची वेळ आली नाही. पेंटरनं खालची पट्टी थोडी वाढवली. पैसे गटानं दिले. जागा अपुरी म्हणून अक्षरं बारीक आली, 'मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' लिहायचं होतं ते बसलं नाही. मेजर आणि नाव, एवढंच.

ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांच्यासाठी एक सांगते. ताईच्या कॉलेजला आता नीट परीक्षा देऊन जाता येतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी हवं आणि मुलगी अविवाहित हवी. बंदूकच हवी असेल, तर २०१९ पासून लष्करी पोलिसांत जवान म्हणूनही मुली घेतात. अर्ज सैन्याच्या वेबसाइटवर असतो. समजलं नाही तर गुरुवारी बाजाराच्या दिवशी मला कार्यालयात भेटा, मी भरून देते. कुणाला पैसे देऊ नका.

रंग वाळल्यावर मी आईला फलक दाखवायला घेऊन गेले. आईला वाचता येत नाही. सही करते, पण वाचता येत नाही. ती वरपासून बघत होती. म्हणाली, "आपलं कुठलं?" मी म्हणाले, "सगळ्यात खालचं, आई." मला वाईट वाटत होतं, शेवटी लिहिलं, खाली लिहिलं, बारीक लिहिलं. आई वाकली, पदरानं ती पट्टी पुसली आणि त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"खालचंच बरं हाय," म्हणाली. "माझा हात पोचतोय."

येते मैत्रिणींनो. नमस्कार.